मंदाबाई कुणावर चिडल्यात?

मंदाबाईंना चेहरा आहे, पण सुरुवातीचे बरेच आठवडे तो आम्ही मुद्दाम पुसून ठेवला होता. डोळे नाहीत, ओठ नाहीत, नाकाच्या जागी नुसता उंचवटा. मंदाबाई म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या गणिताच्या शिक्षिका. फिकट जांभळी सुती साडी, मनगटावर घड्याळ, आणि अंग माझं. साडी, केस, रंग सगळं पोरांनी काढलेलं. हालचाली तेवढ्या माझ्या.

मी सांगलीत माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि हौशी नाटकांत काम करते. दुसरी गोष्ट सांगायला या गावात कुणी लाजत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून सांगलीला ही खोड आहे ती आहेच. माझा एक जुना विद्यार्थी विश्रामबागेत दोन खोल्या घेऊन ॲनिमेशनचं काम करतो. पाचवी-सहावीच्या गणिताचे व्हिडिओ करायचं काम त्याला मिळालं आणि तो थेट घरी आला. म्हणाला, “बाई, तुम्ही शिकवताना हात कसे हलवायचा ते मला अजून आठवतंय. तेवढं द्या मला.” मला आधी वाटलं, आवाज मागतोय. पण आवाज नकोच होता. हेच व्हिडिओ पुढं जत तालुक्यातल्या कन्नड शाळांसाठी, मग उर्दूत, हिंदीत जायचे होते. आवाज दर वेळी बदलणार, अंग एकच राहणार. त्यामुळं बाई खूश आहेत की वैतागल्यात, हे अंगावरूनच कळलं पाहिजे, अशी काम देणाऱ्यांची अट होती.

त्यांनी एक कागद पाठवला होता. त्यावर एक आडवी रेघ आणि एक उभी रेघ, मधोमध छेदणाऱ्या. आडवीच्या एका टोकाला सुखद, दुसऱ्या टोकाला असुखद. उभी रेघ जोराची: वर अंगात भरपूर जोर, खाली मरगळ. जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञानं १९८० साली सगळ्या भावना अशा दोन रेघांवर वर्तुळात मांडल्या. ॲनिमेटेड शिक्षकांवर काम करणाऱ्यांनी, विशेषतः अमेरिकेतल्या सांता बार्बराचे रिचर्ड मेयर आणि पर्ड्यू विद्यापीठातल्या निकोलेटा अडामो यांच्या गटांनी, त्याच्या चार कोपऱ्यांतल्या चार भावना घेतल्या: आनंदी, समाधानी, वैतागलेली, कंटाळलेली. मलाही याच चार करायच्या होत्या. पाठ एकच, अर्धा अधिक एक तृतीयांश, छेद समान करून. तोच मजकूर, तोच फळा, फक्त बाई चार.

वीसेक वर्षं शिकवल्यावर या चार बाई मला ओळखीच्या निघाल्या. सोमवारी पहिल्या तासाला एक असते, शनिवारी शेवटच्या तासाला दुसरी.

चित्रीकरण त्याच्या खोलीतच. सोफा बाहेर पॅसेजमध्ये, भिंतीला पडदा, दोन मोबाइल स्टँडवर, एक समोरून आणि एक कडेनं. अंगभर सेन्सर असलेला सूट मिळतो, पण तो परवडणारा नव्हता. व्हिडिओ बघून सांधे ओळखणारं सॉफ्टवेअर आम्ही वापरलं. ते खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा शोधतं आणि त्यावरून पात्राच्या आतला सांगाडा हलवतं. मी साडी नेसून उभी राहिले तर त्याला गुडघेच सापडेनात. निऱ्यांच्या आत दोन पाय आहेत हे त्या मशीनला कोण सांगणार! मग ट्रॅकपँट घातली. ट्रॅकपँटमध्ये माझी ढांग आपोआप लांब पडायला लागली, आणि ती चाल साडीतल्या मंदाबाईंना लावली की गुडघा निऱ्यांतून आरपार बाहेर. शेवटी गुडघ्यांच्या जरा वर ओढणी सैल बांधून चालले, तेव्हा कुठं बाई साडीतल्या बाईसारख्या चालल्या. बोटं तर सॉफ्टवेअरला दिसतच नव्हती. खडू धरायची चिमूट, फळ्यावर टेकवलेली तर्जनी, हे सगळं विद्यार्थ्याच्या बायकोनं हातानं केलं. सेकंदाला पंचवीस फ्रेम. या कामात तिचं नाव कुठंच येत नाही, म्हणून इथं सांगते की मंदाबाईंचे हात माझे असले तरी बोटं तिची आहेत.

नाटकवाल्याला वाटतं, हे तर आपलंच काम. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. एका डोक्याच्या तेरा हालचाली आणि एका हाताच्या चोवीस मुद्रा तिथं मोजून ठेवल्यात. मंदाबाईंच्या वाट्याला त्यातलं आंगिक आलं, आणि साडी-घड्याळ धरलं तर थोडं आहार्य. सात्त्विक भावांत घाम येतो, काटा येतो, आवाज फुटतो, डोळ्यांत पाणी येतं. आमच्याकडं त्यातला स्तंभ, म्हणजे जागीच थिजणं, तेवढा फुकट मिळायचा, कॉम्प्युटर अडकला की.

पहिला धक्का ठिपक्यांनी दिला. पूर्ण चित्र तयार व्हायला वेळ लागायचा, म्हणून सॉफ्टवेअर आधी काळ्या पडद्यावर सांध्यांचे नुसते ठिपके हलवून दाखवायचं. आमचे हे मला न्यायला आले होते. लॅपटॉपकडं एकदा बघून म्हणाले, “ही तूच. आणि चिडलीयस.” स्वीडनच्या गुन्नार योहान्सननं १९७३ साली हेच दाखवलं होतं: अंधारात माणसाच्या मुख्य सांध्यांवर दहा-बारा दिवे लावले की तो थांबलेला असताना काहीच कळत नाही, चालायला लागला की लगेच माणूस दिसतो. पुढच्या अभ्यासांत लोकांनी अशा ठिपक्यांवरून ओळखीची माणसंही ओळखली. मला हे वाचून माहीत होतं. नवऱ्यानं कोपराच्या दोन ठिपक्यांवरून माझा राग ओळखावा, हे वाचलेलं नव्हतं.

मग खरं काम सुरू झालं, लोकांना दाखवायचं. चेहरा पुसलेला, आवाज बंद, पाऊण मिनिटाचा तुकडा. आधी विद्यार्थ्यानं चार पर्यायांचा फॉर्म केला होता: आनंदी, समाधानी, वैतागलेली, कंटाळलेली, यातलं एक निवडा. पर्याय समोर असले की लोक ते आपसांत वाटून टाकतात. एक तुकडा आनंदी धरला की दुसरा आपोआप दुसरं काहीतरी होतो. निकाल चांगला दिसतो, पण त्यात अंग किती वाचलं आणि फॉर्म किती वाचला, ते कळत नाही. म्हणून मी फॉर्म बाजूला ठेवून सरळ विचारायला लागले: या बाईंचं काय चाललंय?

उत्तरं अशी आली की आम्ही सगळे कामधाम सोडून ऐकत बसलो. “बाईंना एसटी गाठायचीय.” “बाईंचं पोट बिघडलंय.” “पगार झालाय.” “तपासणीला साहेब आलेत मागं.” आमच्या स्टाफरूममधले एक सर कंटाळलेल्या मंदाबाईंकडं बराच वेळ बघून म्हणाले, “ह्यांना निवडणुकीची ड्यूटी लागलीय.” तालमीतली मंडळी आणखी पुढची. त्यांनी तर घरचं सांगायला सुरुवात केली, सून कशी, मुलगा कुठं. पण भावनेचं नाव घेऊन उत्तर देणारा क्वचितच भेटला. ‘समाधानी’ हा शब्द तर कुणाच्याच तोंडून आला नाही. लोक अंगातली भावना वाचत नव्हते, ती कशापायी आली असेल ते वाचत होते.

एक मात्र सगळ्यांना कळत होतं, तो म्हणजे जोर. एसटी गाठायची असो की पगार झालेला असो, बाईंच्या अंगात आज काहीतरी आहे, हे ओळखायला कुणी चुकत नव्हतं. चुकत होते ते बरं की वाईट, यात. माझ्या आनंदी मंदाबाई आणि वैतागलेल्या मंदाबाई बऱ्याच जणांना सारख्याच वाटत होत्या. ग्लासगोच्या फ्रँक पोलिक यांच्या गटानं २००१ साली नुसत्या हातांच्या हालचाली, पाणी पिणं आणि दार ठोठावणं, वेगवेगळ्या भावनांनी करून घेतल्या आणि ठिपक्यांच्या रूपात दाखवल्या. तिथंही हेच झालं होतं. हालचालीच्या वेगाशी जोराचं नातं सरळ होतं; सुखद-असुखद हे वेगावरून नीट उमगत नव्हतं. आम्ही एक खेळ केला. आनंदी मंदाबाईंची तीच हालचाल कमी फ्रेममध्ये बसवली, म्हणजे हात तोच, वाट तीच, फक्त झटका. शेजारच्या वहिनींना दाखवली. “अगं बाई, भांडायला लागली की ही!”

इथून पुढं मी हात सोडून बाकीचं अंग बघायला लागले, आणि माझ्या दृष्टीनं या सगळ्या उद्योगातली खरी गोष्ट तिथं सापडली.

वैतागलेल्या मंदाबाई मी दोन वेळा केल्या होत्या. एकदा फळ्याकडं तोंड करून: हात कमरेवर, मान तिरकी, मनगटानं खडू हवेत आपटल्यासारखा. एकदा वर्गाकडं तोंड करून, बाकी जवळपास तसंच. काम देणाऱ्यांनी फळ्याकडची फेकून द्यायला सांगितली होती, कारण पाठ दिसते. मी ती तशीच दाखवून बघितली. लोकांची उत्तरं पार वेगळी निघाली. वर्गाकडं तोंड होतं तिथं: पोरांवर चिडल्यात, कुणीतरी बोलत होतं, गृहपाठ केला नाही. फळ्याकडं तोंड होतं तिथं: गणित सुटेना वाटतं, कुठंतरी चुकलंय, शोधतायत. वैताग तोच, जोर तोच. खांदे तेवढेच वर, कोपर तेवढंच बाहेर. पण कुणावर, हे खांद्यांच्या रोखानं ठरलं. फळ्याकडं तोंड केलेल्या मंदाबाईंना तर बरेच जण वैतागलेलंही म्हणेनात. “नादात आहेत” म्हणाले. मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन पाचवीच्या वर्गात दाखवलं, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “त्या गणितावर चिडल्यात. आपल्यावर नाही.” आणि शेजारणीला: “बघ की गं, पाय पण तिकडंच हायत.”

पाय! मी पायांकडं बघितलंच नव्हतं. पुढं आम्ही एक मुद्दाम करून पाहिलं. छाती फळ्याकडं, पावलं वर्गाकडं. अशा मंदाबाईंना मुलांनी बिनदिक्कत ‘लबाड’ ठरवलं: गणित बघायचं नाटक करतायत, आता वळून पकडणार. नाटकात दिग्दर्शक ओरडून ओरडून जे शिकवतो, ते या पोरांना वर्गातल्या भीतीनं शिकवलेलं असतं. मुलं बाईंचं अंग वाचतात ते मला काय होणार, हे कळावं म्हणून. बाईंच्या मनात काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

ही भीती आणखी एका ठिकाणी निघाली आणि तिनं मला बेचैन केलं. आनंदी मंदाबाई ‘बरोब्बर!’ म्हणताना हात खांद्याच्या वर नेऊन झपकन खाली आणतात. माझीच सवय, मला ती खूप प्रिय. पडद्यावर तो हात वर गेला की पुढच्या बाकावरच्या दोघा-तिघांची मान आत जायची. डोळे मिटायचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आणलीय. आमच्या शाळेत छडी नाही. पण मुलांना हात वर जाण्याचा अर्थ शाळेतच कळलेला असतो असं थोडंच आहे? विद्यार्थ्यानं हालचालीची कमान बदलली. हात वर जातो, पण तळवा आकाशाकडं उघडतो आणि खाली न येता बाजूला पसरतो. तेवढ्यावर मान आत जायची थांबली. वर्गात मात्र माझा हात अजून जुन्याच वाटेनं जातो, आणि आता मला तो जाताना दिसतो.

डाव्या हाताची भानगड त्यामानानं गमतीची. वेळ वाचवायला त्यानं काही हालचाली आरशासारख्या उलट्या केल्या, म्हणजे एकदा केलेलं दोनदा वापरता येतं. मंदाबाई डाव्या हातानं ‘ये इकडं’ करायला लागल्या. माझ्या सासूबाईंनी तुकडा बघितला आणि निकाल दिला, “डाव्या हातानं बोलावतेय म्हणजे मनापासून नव्हे.” तरुण पोरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्ही डावा हात मोजक्या जागी ठेवला, पण बोलावताना, देताना आणि शाबासकी देताना उजवाच.

आवाज घातल्यावर सगळा हिशोब पुन्हा बदलला. माझा आवाज लावला की बरं-वाईट चटकन कळायचं. लोक आनंदी आणि वैतागलेल्या मंदाबाईंची गल्लत करेनात. आता घोळ होता आनंदी की नुसत्या समाधानी, यात. मेयर आणि अडामो यांच्या गटांनाही बोलणाऱ्या, हातवारे करणाऱ्या ॲनिमेटेड शिक्षकांबाबत असंच आढळलं होतं: सुखद-असुखद हा फरक बघणाऱ्यांना चांगला कळतो, जोराचा तितका नाही. आवाज नसताना आमच्याकडं नेमकं उलटं झालं होतं. अंग एकटं असतं तेव्हा ते जोर बोलतं, आवाज सोबतीला आला की तो भाव सांगतो आणि अंग त्याला दुजोरा देतं. असं मला वाटतं. आमच्या खोलीत बघणाऱ्यांची संख्या काही प्रयोगशाळेची नव्हती.

मध्येच काम देणाऱ्यांनी पैसे वाचवायला मशीनचा आवाज लावून बघितला. सपाट, एका सुरातला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी तसाच उतरणारा. हात माझे, उत्साहानं पसरलेले. वर्गात हशा पिकला. “बाई विमा विकतायत,” मागच्या बाकावरून आलं. अंग आणि आवाज एकमेकांना खोटं पाडायला लागले की मुलं गणित सोडून त्या दोघांचं भांडण बघत बसतात.

चेहरा शेवटी आला. हसरे ओठ, हलणाऱ्या भुवया, पापण्या. काम देणाऱ्यांना वाटलं, आता अंगाचं काही महत्त्व नाही. मी त्यांना २०१२ मधला टेनिसपटूंचा अभ्यास सांगितला. हिलेल अविएझर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुण जिंकलेल्या आणि गमावलेल्या खेळाडूंचे फोटो लोकांना दाखवले. नुसता चेहरा बघून कोण जिंकलं हे लोकांना सांगता येईना. नुसतं अंग बघून येत होतं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, आणि कोरलेला चेहरा काही बदलत नाही. बाहुली हसते की रडते, ते तिच्या कलण्यावरच ठरतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण गावाबाहेरच्या माणसाशी बोलताना तिसऱ्या वाक्याला विष्णुदास भावे काढायची सवय घरच्यांनी मला सोडायला लावलीय.

ठरलं ते असं. बहुतेक पाठांत समाधानी मंदाबाई: कोपरं अंगापासून थोडी सुटी, तळवे उघडे, वजन दोन्ही पायांवर, हालचाल सुरू होण्याआधी श्वासाएवढा ठहराव. आनंदी मंदाबाई फक्त उत्तर आल्यावर. कंटाळलेल्या कुठंच नाहीत, स्टाफरूमच्या तीव्र निषेधासह. आणि वैतागलेल्या मंदाबाई एकाच पाठात, जिथं त्या मुद्दाम छेद समान न करता बेरीज करून बघतात आणि अर्धा अधिक एक तृतीयांश दोन पंचमांश येतं, म्हणजे अर्ध्यापेक्षाही कमी. तिथं त्या पावलांसकट फळ्याकडं वळतात आणि पाठ दिसते तशी दिसू देतात. या पाठीवर काम देणाऱ्यांशी बरीच हुज्जत झाली. जतमधल्या एका शाळेत कन्नड आवाज लावून तो तुकडा दाखवला, तेव्हा तिथल्या गुरुजींनी मुलांचं म्हणणं मराठीत करून सांगितलं: बाईंना उत्तर पटलेलं नाही. त्यावर हुज्जत मिटली.

आता तिसरीचे पाठ आहेत. आत्तापर्यंतचे सगळे कॅमेरे माझ्या छातीच्या उंचीवर होते, आणि तिसरीतलं पोर बाकावर बसलं की त्याची नजर माझ्या कमरेच्याही खाली येते. मी विद्यार्थ्याला सांगितलंय, पुढच्या वेळी एक स्टँड बाकावर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांएवढा खाली लाव. तो म्हणतो, “बाई, खालून बघितलं की कुणीही दांडगं दिसतं.” म्हटलं, तेच बघायचंय. समाधानी मंदाबाईंपासूनच सुरुवात करू.